चौरस फुटाच्या दराबाहेरचा खर्च

लातूर शहराच्या कडेला असलेल्या आमच्या प्लॉटवर 2023 साली घर बांधायचे ठरले, तेव्हा भेटलेल्या प्रत्येक ठेकेदाराने पहिल्याच बैठकीत चौरस फुटाचा दर सांगितला. कोणी 1,700 रुपये म्हणाला, तर कोणी 1,900. हा दर नकाशावरच्या 1,200 चौरस फुटांनी गुणला की घराची किंमत कळते, असे कोणालाही वाटेल. माझ्या थोरल्या चुलतभावाचे घर मात्र याच हिशेबाने सुरू होऊन गिलाव्यापाशी अडकले होते आणि पुढचे काम त्यांना उसनवारीवर पूर्ण करावे लागले होते. म्हणून दर ठरवण्याआधी मी दादांकडून त्यांच्या सगळ्या पावत्या मागून घेतल्या. पावत्यांची पिशवी देताना ते म्हणाले, "भिंतीच्या आतला खर्च मी नीट धरला होता रे, भिंतीच्या बाहेरचा आणि जमिनीखालचा कोणी सांगितलाच नाही." त्या पावत्या लावून पाहिल्यावर दिसले की ठेकेदाराने करारातली रक्कम फारशी ओलांडली नव्हती, जी कामे करारात कधी आलीच नव्हती, त्यांनीच दादांचे पैसे संपवले होते.

त्यामुळे मी प्रत्येक ठेकेदाराकडे एकच मागणी केली, की दरात काय येते ते सांगा, पण काय येत नाही ते लिहून द्या. बहुतेकांनी "सर, ते काम करताना बघू" म्हणून विषय टाळला. ज्यांनी बसल्या बसल्या दोन पाने भरून दिली, त्यांना 1,900 रुपये दराने काम दिले. त्यांचा दर इतरांपेक्षा जास्त दिसत होता, तरी तो कुठे संपतो हे ठाऊक असल्यामुळे मला तोच अधिक भरवशाचा वाटला, आणि ती दोन पाने करारनाम्याला जोडून घेतली.

त्यात पहिलीच गोष्ट मोजमापाची होती. ठेकेदार नकाशावरचे क्षेत्र मोजत नाहीत, स्लॅब मोजतात. आमच्या घरात पोर्च, गॅलरी आणि जिन्यावरचे छत धरून मोजणीचे क्षेत्र 1,370 चौरस फूट होत होते. म्हणजे एकही खोली न वाढता 170 चौरस फूट वाढले आणि 3 लाख 23 हजार रुपये कागदावर आले. हे करारापूर्वी कळल्यामुळे आम्ही गॅलरी लहान केली आणि पोर्चसाठी स्लॅबऐवजी नंतर पत्रा टाकायचे ठरवले.

दुसरी गोष्ट जमिनीची, आणि माझ्या मते आपल्या भागात घर बांधणाऱ्याने सर्वांत जास्त लक्ष द्यावे ती हीच. मराठवाड्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते; पाया तिच्यावर राहिला तर भिंतींना तडे जाणारच. तो खाली कठीण मुरमापर्यंत न्यावा लागतो. करारात खोदाई 5 फुटांपर्यंत धरलेली होती. नकाशा पक्का होण्याआधी आम्ही प्लॉटच्या दोन टोकांना खड्डे घेतले, तेव्हा रस्त्याच्या बाजूला 5 फुटांवरच पिवळसर मुरूम लागला, पण मागच्या कोपऱ्यात 9 फूट उतरेपर्यंत पहार सहज रुतत होती. त्या बाजूच्या कॉलमची जादा खोदाई, काँक्रीट आणि सळई हे सगळे दराबाहेरचे काम होते. शिवाय निघालेली काळी माती जोत्यात परत भरता येत नाही. ती ट्रॅक्टरने बाहेर टाकायची आणि जोत्यात मुरूम आणून भरायचा. आमचे जोते 900 चौरस फुटांचे आणि भरावाची उंची अडीच फूट, म्हणजे 2,250 घनफूट. 100 घनफुटांचा एक ब्रास, या हिशेबाने साडेबावीस ब्रास. पण मुरूम पाणी मारून धुमसाने चोपला की बसतो, म्हणून सुटा माल पाव हिश्शाने तरी जास्त लागतो. हा जादा भागही मी आधीच धरला होता.

30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना या जिल्ह्यात सळईवर पैसे वाचवू नयेत हे सांगावे लागत नाही. तरीही आर.सी.सी. डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरची फी ही अनेकांच्या अंदाजपत्रकात नसते, कारण ती आर्किटेक्टच्या फीमध्येच आली असे गृहीत धरले जाते. आम्ही ती वेगळी दिली. भूकंपाच्या दृष्टीने कॉलम-बीमच्या सांध्याजवळ मुख्य सळयांभोवतीच्या रिंगा कमी अंतरावर बांधायच्या आणि त्यांचे हूक 135 अंशांत आत वळवायचे, असे त्यांच्या ड्रॉइंगमध्ये होते. ठेकेदाराच्या दरात चौरस फुटाला 4 किलो सळई धरलेली होती आणि डिझाइनप्रमाणे ती थोडी जास्त लागणार होती. त्या फरकाचे पैसे देताना मला क्षणभरही जड वाटले नाही.

पाण्याचा खर्च तर लातूरकरांना मी काय सांगावा! 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेले हे शहर आहे. बांधकामाला लागणारे पाणी मालकाने पुरवायचे, ही अट जवळपास प्रत्येक ठेकेदाराची असते. भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान 7 दिवस आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला किमान 10 दिवस पाणी मारायला हवे, आणि स्लॅबवर आळी करून पाणी साठवायचे म्हटले की टँकरवर टँकर लागतात. आम्हाला पुढेमागे बोअर घ्यायचाच होता, म्हणून तो खोदाईच्याही आधी घेतला. त्यातही फुटाचा दर ठरावीक खोलीनंतर वाढत जातो आणि केसिंग पाइप, मोटर, केबल, स्टार्टर यांचे पैसे वेगळे असतात. म्हणून बोअरची रक्कम धरताना नुसत्या ड्रिलिंगच्या दरावर विसंबून चालत नाही.

कागदोपत्री खर्चाची यादी मोठी आहे, पण त्यातला प्रत्येक आकडा आधी विचारता येतो, त्यामुळे तिथे धक्का बसण्याचे कारण नाही. भूमी अभिलेखची मोजणी, परवानगीचे छाननी शुल्क आणि विकास शुल्क हे तर आलेच. त्याशिवाय बांधकाम कामगार कल्याणाचा 1 टक्का उपकर असतो, आणि आमच्या वेळी 10 लाख रुपयांपर्यंतच्या स्वतःच्या राहत्या घराला तो लागत नव्हता. जीएसटीबद्दल मात्र ठेकेदाराशी स्पष्ट बोलून घ्यावे. स्वतंत्र एकट्या घराचे निव्वळ मजुरीचे काम दिले तर त्या मजुरीवर जीएसटी नाही. मालासकट काम नोंदणीकृत ठेकेदाराला दिले तर 18 टक्के लागतो, आणि दर सांगताना "जीएसटी वेगळा" हे दोन शब्द बहुधा शेवटी येतात. आमच्या वेळी सिमेंटवर 28 टक्के जीएसटी होता, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 18 टक्क्यांवर आला आहे.

या सगळ्यात माणूस खरा अडचणीत येतो तो कर्ज आणि खर्च यांच्या वेळा जुळत नाहीत म्हणून. 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते, असे रिझर्व्ह बँकेचे नियम सांगतात. पण घराची किंमत 10 लाखांच्या वर असेल तर त्या किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरली जात नाही. बँक पैसे देते तेही टप्प्याने, म्हणजे जोते झाले की एक हप्ता, स्लॅब झाला की दुसरा. खड्डे, बोअर, भराव, परवानगी हा सगळा खर्च पहिल्या हप्त्याच्याही आधी येतो आणि तो खिशातूनच करावा लागतो. म्हणून करार झाला त्याच आठवड्यात मी करारातल्या रकमेच्या एक चतुर्थांश पैसे वेगळ्या बचत खात्यात ठेवले, त्या खात्यातून ठेकेदाराचा एकही हप्ता दिला नाही, आणि प्रत्येक पावती एका वहीत चिकटवत गेलो. बँकेची प्रक्रिया फी, वकिलाचा सर्च रिपोर्ट आणि मूल्यांकनाची फी त्याच खात्यातून गेली. पहिल्या हप्त्यापासून सुरू होणारे व्याजही त्यातूनच भरले, कारण भाड्याच्या घराचे भाडे तेव्हा चालूच होते. भाडे आणि व्याज एकाच वेळी भरण्याचा तो काळ किती लांबेल ते आधी कोणी सांगू शकत नाही. आम्ही ठेकेदाराने सांगितलेल्या मुदतीच्या पुढे 4 महिने धरून चाललो आणि त्यातले 3 खरोखर लागले.

गिलावा झाल्यानंतरचा खर्च लहान लहान रकमांनी येतो आणि म्हणून हातून निसटतो. ओट्याचा ग्रॅनाइट करारात होता, ओट्याखालच्या ट्रॉल्या नव्हत्या. वायरिंग होते, पंखे आणि दिवे नव्हते. खिडक्या होत्या; ग्रिल आणि मच्छरजाळी नव्हती. ड्रेनेजची लाइन आमच्या रस्त्यावर न आल्यामुळे सेप्टिक टँक आणि शोषखड्डा, जमिनीतला हौद, कंपाउंड आणि गेट ही सगळी कामे बाहेरची. यांपैकी कंपाउंड सर्वांत महाग पडते, कारण त्यालाही काळ्या मातीत पाया घ्यावाच लागतो. महावितरणची तात्पुरती जोडणी आणि नंतरचे कायमचे मीटर यांचे पैसेही निरनिराळे. स्लॅबच्या दिवशी सेंट्रिंगच्या आणि काँक्रीटच्या माणसांचे जेवण, भूमिपूजन, वास्तुशांत यांनाही मी वहीत रीतसर पान दिले होते. ज्यांच्या कष्टावर घर उभे राहते, त्यांचा पाहुणचार उरल्यासुरल्या पैशांतून करणे मला पटत नाही.

भोगवटा प्रमाणपत्र हाती आल्यावर घरपट्टीची नोंद केली आणि बँकेकडून बांधकामाच्या काळातील व्याजाचा दाखला मागून घेतला. जुन्या करप्रणालीत राहणाऱ्यांना हे व्याज, घर पूर्ण झालेल्या वर्षापासून पाच समान हप्त्यांत, 2 लाख रुपयांच्या वार्षिक मर्यादेत वजावटीला दाखवता येते, आणि त्यासाठी कर्ज घेतलेले आर्थिक वर्ष संपल्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकाम पूर्ण झालेले असावे लागते. तो दाखला मी वहीच्या शेवटच्या पानाला लावला आणि वेगळ्या खात्यात जे थोडे पैसे उरले होते, त्यातून या वर्षी पोर्चचा पत्रा टाकून घेतला.