चुकीचं पिशाच्च

एका शब्दामुळे अख्ख्या सभागृहाला मी वेळेआधी हसवलं. ते अजून डोक्यातून जात नाही.

ठाण्यातल्या एका फिल्म क्लबसाठी रोमान पोलान्स्कीच्या १९६७च्या ‘द फिअरलेस व्हॅम्पायर किलर्स’ची मराठी सबटायटल्स करत होतो. बर्फातली खानावळ, छताला लसणाच्या माळा, विसराळू प्रोफेसर आणि त्याचा भित्रा चेला (तो स्वतः पोलान्स्कीच). प्रोफेसर चेल्याला ‘अरे’ म्हणणार, चेला ‘सर’ म्हणणार, हे पहिल्या दिवशीच ठरलं. अडलं ते खानावळवाल्या शगालपाशी.

शगाल मेल्यावर पिशाच्च होऊन मोलकरणीच्या खोलीत शिरतो. ती घाबरून क्रूस पुढे धरते. हा खदखदून हसतो आणि म्हणतो, चुकीच्या व्हॅम्पायरला गाठलंस! कारण शगाल ज्यू. सिनेमात तसं कुणी बोलून दाखवत नाही. ते शगाल झालेल्या अल्फी बासच्या हेलात आहे, आणि हेल काही सबटायटलमध्ये उतरत नाही.

माझी ओळ होती : ‘चुकीच्या पिशाच्चाला दाखवतेस, बाई!’ आता गंमत बघा. ‘पिशाच्चाला’मध्ये डोळ्यांना अक्षरं दिसतात चार; सॉफ्टवेअर काना, वेलांटी, हलन्त सगळं सुटं धरून मोजतं दहा. सेकंदाला इतकीच अक्षरं, अशा रोमन लिपीसाठी ठरवलेल्या मर्यादा देवनागरीला लावणाऱ्यांनी एकदा तरी मराठी वाचून बघावं. तरी ही ओळ दोन सेकंदांत नीट बसत होती.

खेळाच्या दिवशी सकाळी आयोजकांचा फोन. “अहो, लोकांना कळणार नाही. ज्यू असल्याचं टाका की.” प्रेक्षकांना बाळबोध समजायची आयोजकांना खोडच असते. वाद घालायला हवा होता, पण त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. मग झालं : ‘मी ज्यू. चुकीच्या पिशाच्चाला क्रूस दाखवतेस, बाई!’ ओळ लांबली. पुढे लगेच दुसरा शॉट, तिकडे सरकायला जागा नाही. म्हणून तिची सुरुवात पाऊण सेकंद अलीकडे ओढली.

संध्याकाळी पडद्यावर ओळ उमटली, सभागृह हसलं आणि त्यानंतर अल्फी बासनं तोंड उघडलं. त्याचं वाक्य हशात बुडालं.

तिसऱ्या रांगेतले एक आजोबा मात्र नंतर हसले. एकटेच. ते वाचत नव्हते, ऐकत होते. पुढे शगाल आपली शवपेटी पिशाच्चांचा म्होरक्या असलेल्या काउंटच्या तळघरात ओढत नेतो आणि कुबडा नोकर ती उचलून तबेल्यात टाकतो, तेव्हाही ते हसले. पिशाच्चांतला तो पंक्तिभेद बाकीच्यांच्या फारसा लक्षात आला नाही. तिथे संवाद नाही, त्यामुळे माझी ओळही नाही.

सिनेमा संपल्यावर ते जिन्यात भेटले. मूळचे रेवदंड्याचे, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू.

“ते ‘मी ज्यू’ तुम्ही घातलंत ना?”

“हो.”

“तो म्हणत नाही तसं.”

“नाही म्हणत.”

“हं,” म्हणाले आणि कठड्याला धरून सावकाश उतरू लागले.