आबांची दाढी

खोक्याचं झाकण काढलं तेव्हा त्याने तोंड उघडलं. मला वाटलं, प्रवासाने दमलाय बिचारा, जांभई देतोय. तेवढ्यात गळ्याखालची काटेरी कातडी फुगली, शाईची दौत लवंडावी तशी हनुवटीपासून छातीपर्यंत काळी झाली, आणि हातभर लांबीचा तो प्राणी बघता बघता दुप्पट दिसायला लागला. मागे उभी असलेली बहीण म्हणाली, "जांभई कसली, चिडलेत आबा!" नाव तिथल्या तिथे पडलं. नावाबरोबर अहो-जाहोही आलं, ते आजतागायत.

आबा म्हणजे बिअर्डेड ड्रॅगन, गळ्याखालच्या त्या फुगणाऱ्या कातडीमुळे 'दाढीवाला' म्हटला जाणारा, मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला सरडा. माझ्याकडे आले तेव्हा चार वर्षांचे होते. नीट सांभाळलं तर दहा-बारा वर्षं आरामात जगतात, त्यामुळे ऐन उमेदीत त्यांचं बिऱ्हाड हललं म्हणायचं. आधीच्या घरी त्यांना वेळ द्यायला कुणी उरलं नव्हतं. टँक, दिवे, एक ओंडका, अर्धी डबी कॅल्शियमची पावडर असा सगळा संसार बरोबर आला. "फारसं हातात घेतलेलं नाही, पण स्वभावाने गरीब आहे," एवढीच त्यांची चिठ्ठीचपाटी. शेपटीचं टोक तुटलेलं होतं. पालीची शेपूट तुटली तर पुन्हा येते, यांची येत नाही.

मी आयुष्यभर कुत्री पाळलेली बाई. नवीन कुत्रं घरात आलं की आपण काय करतो? डोक्यावरून हात फिरवतो, नावाने हाका मारतो, मांडीवर घेतो. आबांच्या बाबतीत पहिल्याच संध्याकाळी मी तेच केलं. टँकचं वरचं झाकण काढून हात आत घातला. आबा असे उधळले, की ओंडका उलटा, पाण्याची वाटी पालथी आणि ते स्वतः कोपऱ्यात काचेला चिकटून उभे. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात. आबांची चार फुटांच्या टँकमध्ये ओंडक्यापर्यंत.

नंतर वाचताना कळलं की या सरड्यांच्या डोक्यावर, दोन्ही डोळ्यांच्या मागे, एक फिकट ठिपका असतो. तो त्यांचा तिसरा डोळा. त्याने चित्र दिसत नाही, पण उजेड आणि सावली कळते. उघड्या माळावर वरून सावली पडली म्हणजे शिकारी पक्षी आला, एवढं साधं गणित. मी डोक्यावर मायेने हात न्यायचे आणि त्यांच्या लेखी रोज संध्याकाळी सहा वाजता घार यायची.

चौथ्या दिवशी मला वाटलं, जमलं. हात पाठीवर ठेवला तरी आबा पळाले नाहीत. उलट अंग चपटं करून डोळे मिटून घेतले. मी दुसऱ्या हाताने फोटो काढला आणि बहिणीला पाठवला, "बघ, कसे लाड करून घेतायत!" दोन दिवसांनी तोच फोटो मोठा करून बघताना कडेने दिसणाऱ्या पोटावर काळपट, लांबट वळं दिसली. माहीतगार लोक त्यांना स्ट्रेस मार्क म्हणतात. सरडा घाबरलेला असला, थंडी वाजत असली, दुखत-खुपत असलं की ती उठतात. डोळे मिटणं हेही लाडाचं नव्हतं. पळायला जागा नाही, निदान बघायला तरी नको, असं होतं ते. तो फोटो मी अजून काढून टाकलेला नाही.

खाणंही बंद होतं. नव्या जागी पहिला आठवडा-दोन आठवडे कमी खातात हे ठाऊक होतं, तरी दहाव्या दिवशी धीर सुटला आणि सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांकडे गेले. माझी सगळी कहाणी तयार होती: त्यांना माझी भीती वाटते, मी काय चुकतेय, विश्वास कसा मिळवू. डॉक्टरांनी ती अर्ध्यात थांबवली आणि विचारलं, "दिव्याखालचं तापमान किती?"

"चौतीस," मी म्हटलं.

"कशावर मोजलं?"

काचेला चिकटवलेल्या गोल तबकडीवर. ती तबकडी हवेचं तापमान सांगते, आणि तेही मनाला येईल तसं. त्यांनी सांगितल्यावर इन्फ्रारेड गन आणून दिव्याखालचा दगड मोजला. 31 अंश! मोठ्या बिअर्डेड ड्रॅगनला शेकायला तो दगड साधारण 40 अंशांच्या आसपास लागतो, आणि टँकची दुसरी बाजू 25-26 वर, म्हणजे आपापल्या गरजेने ऊन-सावली करता येते. एवढी ऊब नसेल तर पोटातलं अन्न पचत नाही, मग खाणार कशाला? यूव्हीबी ट्यूबचं, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणाऱ्या दिव्याचं, तर विचारूच नका. ती छान पांढरी पेटत होती, पण किती जुनी ते कुणालाच सांगता येईना. ट्यूबचा उजेड तसाच राहतो, यूव्हीबी मात्र कमी होत जातं, म्हणून ती सहा महिन्यांनी नाहीतर वर्षाने बदलायची असते. त्यात ती टँकच्या काचेच्या झाकणावर ठेवलेली. काचेतून यूव्हीबी जवळजवळ येतच नाही. यूव्हीबी नाही तर अंगात डी-3 जीवनसत्त्व तयार होत नाही, डी-3 नाही तर कॅल्शियमची पावडर कितीही भुरभुरवा, हाडं ठिसूळच. आबांची हाडं सुदैवाने शाबूत होती. शीची तपासणी झाली, जंत नव्हते.

मला खरा धक्का बसला तो डॉक्टरांच्या पुढच्या वाक्याने. त्या म्हणाल्या, "गार पडलेल्या सरड्याला पळता येत नाही. मग तो काय करणार? धमकावणार." म्हणजे मी ज्याला आबांचा स्वभाव समजत होते, त्यातला बराचसा भाग नऊ अंशांचा होता.

दिवा बदलला, थर्मोस्टॅट लावला, झाकणाच्या जागी जाळी आणि तिच्याखाली नवी ट्यूब. तिसऱ्या दिवशी आबांनी दोन अळ्या खाल्ल्या. मी खोलीत नव्हते तेव्हा.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांच्याही नव्हे, बहिणीच्या लक्षात आली. संध्याकाळी खोलीत अंधार आणि टँकमध्ये दिवा, अशा वेळी आतून काचेचा आरसा होतो. आबा उजव्या काचेसमोर उभे राहून मान खालीवर झटकायचे, मग काच ओरबाडत वर चढायला बघायचे. मी समजत होते, बाहेर यायचंय. त्यांना तिथे दुसरे आबा दिसत होते, आणि ते दुसरे आबा हटायला तयार नव्हते. तीन बाजूंना बाहेरून तपकिरी कागद लावला. भांडण त्याच रात्री मिटलं.

मग मी ठरवलं की दोन आठवडे अंगाला हात लावायचा नाही. टँक टेबलावर चढवला, म्हणजे माझं तोंड त्यांच्या वर न येता समोर येईल. रोज सकाळी दिवे लागल्यावर तासाभराने, ते शेकून झाले की, मी बाजूला बसायचे. वीस मिनिटं. वाचायचे, फोनवर बोलायचे, त्यांच्याकडे टक लावून बघायचं नाही. नंतर त्यात उघडा तळहात आला. पुढच्या दारातून आत जायचा, जमिनीला टेकून पालथा न ठेवता उताणा ठेवायचा आणि विसरून जायचं. विसरायलाच सगळ्यात जास्त कष्ट पडतात. "तुझा जुना टी-शर्ट टँकमध्ये ठेव, वासाची ओळख होते," असं अनेकांनी सांगितलं. ठेवला. आबा त्याच्याखाली शिरून झोपले. ओळख वासाची झाली की पांघरुणाची, ते आबा जाणोत!

या काळात मी एका वहीत त्यांच्या दाढीचा रंग लिहायला लागले. सकाळी काळपट, नऊला फिकट, व्हॅक्यूम क्लीनर लावल्यावर काळी. त्यातून कळलं की प्रत्येक काळं म्हणजे राग नव्हे. सकाळी दिवा लागला की आबा पाठ गडद करतात, कारण गडद रंग ऊब लवकर ओढतो. तापले की पुन्हा पिवळसर. तोंड उघडण्याचंही तसंच. दगडावर बसून, अंग सैल सोडून तोंड उघडं असेल तर जास्तीची उष्णता बाहेर टाकणं चाललंय. दाढी फुगवून, अंग माझ्याकडे तिरकं करून उघडलं असेल तर मी चालतं व्हायचं. सरड्यासारखे रंग बदलणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये, असं आपण म्हणतो. मला तर इतकं मनात काही न ठेवणारं दुसरं कुणी भेटलेलं नाही.

हात न लावायला लागून सतरा दिवस झाले तेव्हाची गोष्ट. हात नेहमीसारखा पडलेला. आबा दगडावरून उतरले, दोन पावलं आले, थांबले. डोकं एका बाजूला वाकडं करून एका डोळ्याने अंगठा न्याहाळला. मग जीभ आली. गुलाबी, जाडसर, टोकाला चिकट. ती माझ्या नखाच्या कडेला टेकली आणि ओली चिकटपट्टी सुटावी तशी सुटली. ते चाटणं प्रेमाचं नसतं. जिभेवर आलेला वास तोंडातल्या टाळूतल्या एका अवयवाकडे नेऊन ते "हे काय आहे" याचा निकाल लावतात. निकाल बहुधा "दगड नाही, खाऊ नाही" असा लागला असावा, कारण आबा परत फिरले. मी मात्र तेवढ्यावर दिवसभर हवेत होते.

खाऊ नाही, हा निकाल पुढच्या आठवड्यात फिरला, आणि चूक माझी. लग्नाला जायचं म्हणून नखं लाल रंगवली होती. आबांना रंग छान दिसतात, लाल-केशरी तर भारी आवडतात. तोवर चिमट्याने दिलेली अळी ते घ्यायला लागले होते. त्या दिवशी चिमटा न घेता अळी बोटांत धरली. आबांनी अळी सोडून तर्जनी घेतली. रक्त नाही आलं, पण जबडा काय असतो ते कळलं. मी कशीबशी हात न झटकता बसले. झटकला असता तर त्यांचे दात आणि माझा महिना, दोन्ही गेले असते. दोन सेकंदांनी त्यांनीच सोडलं आणि जीभ आतबाहेर करत बसले, जणू चव बिघडली.

तेविसाव्या दिवशी पुढचे दोन पाय तळहातावर आले, अळी घेण्यापुरते. दगडावर तापलेलं पोट मनगटाला लागलं. थंड रक्ताचा प्राणी म्हणतात, पण ती ऊब इस्त्री केलेल्या कपड्याची होती. आता सगळं सुरळीत, असं समजून मी उत्साहाने टँक घासूनपुसून लख्ख केला, ओंडका डावीकडून उजवीकडे नेला, एक नवी हॅमॉकही टांगली. संध्याकाळी दाढी काळी, पोटावर वळं, सगळं पहिल्या दिवसासारखं. पाच दिवस गेले ते भरून काढायला. ओंडका परत डावीकडे गेला. तेव्हापासून एका वेळी एकच वस्तू बदलते, आणि तीही ते जागे असताना, त्यांच्या देखत.

उचलायला सुरुवात केली ती दीड महिन्याने. समोरून किंवा बाजूने हात छातीखाली सरकवायचा, दुसरा मागच्या पायांखाली, चारही पाय कशावर तरी टेकलेले हवेत. अधांतरी पाय राहिले की ते पोहल्यासारखे धडपडतात. मी जमिनीवर बसूनच घ्यायचे, कारण आबा उडी मारताना खाली किती अंतर आहे याचा विचार करत नाहीत. पहिल्यांदा दोन मिनिटं. धडपडले तर तेवढ्यात खाली ठेवायचं नाही, क्षणभर स्थिर झाले की ठेवायचं; शक्यतो कंटाळायच्या आधीच परत. मी ते काटेकोर पाळलं असं नाही. कधी फार गोड दिसायचे आणि पाचाची दहा मिनिटं व्हायची, मग दुसऱ्या दिवशी ओंडक्यामागून बाहेर यायचे नाहीत. आधी आणि नंतर साबणाने हात धुणं मात्र एकदाही चुकवलं नाही. धडधाकट सरड्याच्या अंगावरही साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो, म्हणून स्वयंपाकघरात त्यांना मज्जाव आहे, कितीही आबा असले तरी.

हिवाळ्यात एकदा पुन्हा पोटात गोळा आला. दिवस-दिवस झोपून, खाणं नको, हात पुढे केला तर एक डोळा उघडून बंद. मला वाटलं, सगळं वाया गेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, त्यांचा थंडीतला आळस आहे, ब्रुमेशन म्हणतात, वजन उतरत नाही ना तेवढं बघत राहा. दर आठवड्याला काट्यावर ठेवायचे. 412 ग्रॅम, 410, 411. सात आठवड्यांनी एका सकाळी उठले, पाणी प्यायले आणि दारापाशी येऊन उभे राहिले.

वर्षाच्या तपासणीला पुन्हा त्याच डॉक्टरांकडे नेलं. टेबल स्टीलचं, गार, वर झगझगीत दिवा, शेजारच्या खोलीत कुत्रं भुंकत होतं. डॉक्टरांनी हातमोजे घालून हात पुढे केला तशी दाढी फुगली, काळीभोर झाली, तोंड उघडलं. मग आबा मागे मागे सरकत आले, माझ्या स्वेटरच्या बाहीत नखं अडकवून दंडावर चढले, खांद्यावरून केसांखाली शिरले आणि तिथून पुन्हा डॉक्टरांकडे बघत तोंड उघडून बसले. एक नख माझ्या मानेत चांगलंच रुतलं होतं. मी ते काढायला हात वर नेणार होते, पण वरून नको म्हणून थांबले.

डॉक्टर हसल्या आणि दिवा थोडा बाजूला वळवला. "राहू द्या तिथेच," त्या म्हणाल्या, "मी तिकडे येते."