ऑक्टोबरची खबरबात आणि ‘लक्ष्मी’ची अक्षरे

बेळगाव, रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

जगभरातील प्रोग्रामरांच्या गटांसाठी ऑक्टोबर म्हणजे लग्नसराईच. गूगल डेव्हलपर ग्रुप्सच्या ‘डेव्हफेस्ट’ या मेळाव्यांचा हंगाम भरात आलेला असतो, मुक्त सॉफ्टवेअरला हातभार लावण्याची ‘हॅकटोबरफेस्ट’ मोहीम चालू असते आणि पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची नवी आवृत्तीही दरवर्षी याच महिन्यात बाहेर पडते. यंदा त्यात विंडोज १० ची भर पडली आहे, कारण परवा मंगळवारी, १४ तारखेला, मायक्रोसॉफ्ट या प्रणालीला नेहमीचा पाठिंबा देणे थांबवणार आहे. त्यामुळे टिळकवाडीतील आमच्या प्रोग्रामर गटाच्या बैठकीत काय बोलायचे यापेक्षा काय सोडायचे, हाच प्रश्न होता.

पायथन ३.१४ मंगळवारी, ७ तारखेला आली. गणितातल्या ‘पाय’शी जुळणाऱ्या या आकड्यावरून आठवडाभर सगळीकडे विनोद चालू आहेत, त्यांपैकी दोन-तीन आमच्याकडेही होऊन गेले. कामाची बातमी वेगळीच आहे. पायथनमध्ये एक जुने अंतर्गत कुलूप आहे, ज्याच्यामुळे एका प्रोग्रॅममधील अनेक थ्रेड, म्हणजे समांतर चालवायची कामे, खऱ्या अर्थाने एकाच वेळी चालू शकत नाहीत. हे कुलूप काढून टाकलेली पायथनची बांधणी (बिल्ड) गेल्या वर्षी ३.१३ मध्ये प्रायोगिक म्हणून दिली होती. आता तिला अधिकृत मान्यता मिळाली आहे, पण ती नेहमीच्या बांधणीहून वेगळीच राहील आणि हवी असेल त्याने ती घ्यायची आहे. उद्यमबागेतील कारखान्यांत यंत्रांवरच्या सेन्सरांचे आकडे गोळा करणारे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या दोघांनी लगेच कान टवकारले. बाकीच्यांना त्यात रस नव्हता, आणि तो असायलाच हवा असे मलाही वाटले नाही.

विंडोज १० चा विषय मात्र लांबला. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि ठरावीक पिढीचा प्रोसेसर नसेल, तर विंडोज ११ त्या संगणकावर रीतसर बसत नाही, आणि आमच्या भागातील झेरॉक्सची दुकाने, पतसंस्था व शाळांच्या संगणक खोल्या अशाच यंत्रांवर चालतात. केडीई या व इतर मुक्त सॉफ्टवेअर गटांनी मिळून ‘एंड ऑफ टेन’ नावाची मोहीम चालवली आहे. जुना संगणक भंगारात न घालता त्यावर लिनक्स ही मुक्त प्रणाली बसवून देण्यासाठी गावोगावच्या स्वयंसेवकांनी आणि दुरुस्ती करणाऱ्यांनी पुढे यावे, असा तिचा साधा हेतू आहे. आमच्यातील खानापूरच्या सदस्याने लगेच खरी अडचण मांडली: “लिनक्स बसवतो हो, पण नुडीतल्या आणि श्रीलिपीतल्या जुन्या फायली उघडायच्या कशा?” नुडी आणि श्रीलिपीच्या जुन्या फाँटांत टंकलेल्या या फायलींत अक्षरांचे सांकेतिक क्रमांक प्रमाणित नसतात, त्यामुळे तो फाँट नसेल तर कन्नड अर्ज आणि मराठी इतिवृत्त दोन्ही सारखीच गिचमिड दिसतात. त्या फायली आधी युनिकोड या प्रमाणित संकेतपद्धतीत बदलून घेतल्याशिवाय कोणत्याही दुकानदाराला लिनक्सचा आग्रह करायचा नाही, असे ठरले. मोहिमेच्या आवाहनात ही पायरी ठळकपणे यायला हवी, असे मला वाटते. सीमाभागात ती पहिलीच पायरी आहे.

गूगल डेव्हलपर ग्रुप्सच्या बातम्यांवर मी मुद्दामच कमी वेळ दिला. पूर्वी गूगल टेक्नॉलॉजी यूजर ग्रुप्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गटांना २०१२ मध्ये आजचे नाव मिळाले, आणि आज शंभराहून अधिक देशांत त्यांच्या शाखा आहेत. त्यांचे वर्ष ठरलेले असते: मार्चमध्ये महिला दिनाचे कार्यक्रम, मे महिन्यात कंपनीची ‘आय/ओ’ परिषद झाली की तिच्या शहरोशहरीच्या विस्तारित सभा, आणि वर्षअखेरीस डेव्हफेस्ट. शाखा स्वयंसेवक चालवतात, प्रवेश बहुधा मोफत असतो, आणि पहिल्यांदा माईक हातात घेणाऱ्या मुलामुलींना तिथे व्यासपीठ मिळते, हे मी मनापासून मान्य करतो. परंतु वर्षाचे वेळापत्रक कंपनीच्या घोषणांशी बांधलेले असल्याने व्याख्यानांचे विषयही त्याच ओघाने येतात. यंदा जिकडे तिकडे एआय एजंट आहेत. पतसंस्थेच्या पासबुकावर नाव अर्धवट का छापले जाते, हा विषय त्या ओघात कधी यायचा?

असे गट मुळात कशासाठी जमले, हे आठवले की मला ‘शेअर’ या संगणक वापरणाऱ्यांच्या जुन्या गटाची गोष्ट सांगावीशी वाटते, आणि आज ती मी सांगितलीच. १९५५ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या परिसरात आयबीएम ७०४ हा संगणक घेणाऱ्या विमान कारखान्यांच्या लक्षात आले की प्रत्येक जण तेच ते प्रोग्रॅम वेगवेगळे लिहीत बसला आहे. एरवी एकमेकांचे स्पर्धक असलेले हे लोक एकत्र बसले आणि त्यांनी प्रोग्रॅमांची देवघेव सुरू केली. यंत्र आयबीएमचे होते, पण अडचणी वापरणाऱ्यांच्या होत्या, आणि त्या कंपनीला ठणकावून सांगण्याचे बळ त्यांना एकत्र येण्यातून मिळाले. पुढे युनिक्स, पर्ल, जावा, पायथन यांचे जे गट उभे राहिले, त्यांची रीत हीच आहे.

आजची आमची अडचण शहापुरातील एका विद्यार्थिनीने आणली होती. तिच्या वडिलांच्या ओळखीच्या एका पतसंस्थेत सभासदांची नावे मराठी आणि कन्नड दोन्ही लिप्यांत ठेवतात; पासबुक छापताना प्रोग्रॅम नाव ठरावीक लांबीला कापतो आणि नेमका काना, वेलांटी किंवा जोडाक्षराचा अर्धा तुकडा तुटतो. तिने फळ्यावर ‘लक्ष्मी’ लिहिले आणि पायथनला लांबी विचारली. उत्तर आले ७. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, “सर, अक्षरं तर दोनच की!” दोघांचेही बरोबर आहे. युनिकोडमध्ये ल, क, हलन्त, ष, हलन्त, म आणि दीर्घ वेलांटी असे सात स्वतंत्र क्रमांक साठवले जातात, आणि पायथनचे लांबी मोजणारे फंक्शन तेवढेच मोजते. पाचव्या क्रमांकावर कापले की ‘लक्ष्’ उरते, आणि लक्ष्मीबाईंच्या पासबुकावर तेच छापले जाते. युटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत यातल्या प्रत्येक क्रमांकाला तीन बाइट लागतात, म्हणजे बाइट मोजून कापणारा जुना प्रोग्रॅम असेल तर याहून वाईट घडते. मग पोरांना चेव आला. त्यांनी गावाचेच नाव उलटे करायला सांगितले, तर ‘बेळगाव’चे ‘वागळेब’ झाले, आणि वागळे आडनावाच्या आमच्या सदस्याला आता महिनाभर ऐकून घ्यावे लागणार आहे.

डोळ्यांना एक दिसणारे अक्षर कोठून कोठपर्यंत धरायचे, याचे नियम युनिकोडने वेगळे लिहून ठेवले आहेत. जुन्या नियमांनी ‘लक्ष्मी’चे चार तुकडे पडत: ल, क्, ष्, मी. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या १५.१ आवृत्तीत जोडाक्षर मध्येच न तोडण्याचा नियम जोडण्यात आला, आणि त्यानुसार आता दोनच तुकडे पडतात. आम्ही नव्या ब्राउझरमध्ये ‘इंटल सेगमेंटर’ ही मजकुराचे असे तुकडे पाडणारी सोय वापरून पाहिली, तेव्हा देवनागरीत दोन हे उत्तर मिळाले. तेच नाव कन्नड लिपीत टंकले, तर चार. प्रोग्रॅममध्ये काहीच चुकले नव्हते. त्या वेळी हा नियम देवनागरी, बंगाली, गुजराती, ओडिया, तेलुगू आणि मल्याळम या लिप्यांना लावण्यात आला, कन्नडला नाही. म्हणजे एकाच पतसंस्थेच्या एकाच यादीत, एकाच बाईचे नाव एका लिपीत दोन अक्षरांचे आणि दुसऱ्या लिपीत चार अक्षरांचे भरते.

यावर पुण्याचा गट सहसा अडणार नाही, कारण तिथल्या यादीत कन्नड नाव क्वचितच असते. बेंगळुरूच्या गटापुढे मराठीचा प्रश्न तितक्याच क्वचित येत असावा. पुणे इथून सुमारे साडेतीनशे किलोमीटर आहे आणि बेंगळुरू सुमारे पाचशे. आमची मुले शिकून या दोनपैकी एका शहरात जातात आणि तिथल्या गटांच्या सभांना बसतात. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून बेळगावात असूनही तंत्रज्ञानाची सभा म्हटली की आपण रात्रीची गाडी धरतो. दोन्ही लिप्या रोज शेजारी शेजारी मांडणारा व्यवहार मात्र इथे, निपाणीत, खानापुरात आणि चिकोडीत आहे. त्यामुळे हे काम पुणे-बेंगळुरूकडून होण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे आणि ते मी बैठकीत जरा चढ्या आवाजात मांडले.

युनिकोड संस्थेकडे नियम बदलण्याची सूचना कोणालाही पाठवता येते, आणि त्यांची तांत्रिक समिती वर्षातून चार वेळा बसते. मात्र ‘आमच्या लिपीवर अन्याय झाला’ अशा भाषेतले पत्र तिथे काही उपयोगाचे नाही. कन्नड वाचकाला कर्सर कुठे थांबलेला हवा असतो, मागचे अक्षर पुसताना किती पुसले जावे असे वाटते, आणि खाली लिहिल्या जाणाऱ्या ओत्ताक्षरासकट (जोडाक्षरातील दुसऱ्या व्यंजनासकट) ते एकच अक्षर मानले जाते का, याची उदाहरणे द्यावी लागतील. हा निर्णय कन्नड भाषकांचा आहे. आम्ही मराठी मंडळींनी त्यात पुढारपण करणे बरे दिसणार नाही. सुदैवाने गटात चौघे कन्नड मातृभाषेचे आहेत, आणि त्यांच्यातही पुसण्याच्या प्रश्नावर आजच दोन पक्ष पडले.

पतसंस्थेचे पासबुक तोवर थांबणार नाही. पायथन ३.१४ च्या प्रमाण संचात (स्टँडर्ड लायब्ररीत) असे अक्षरगट मोजण्याची सोय नाही, म्हणून बाहेरचे ‘रेजेक्स’ मॉड्यूल घ्यायचे आणि कन्नडसाठी हलन्तानंतरचा तुकडा मागच्याला जोडणारी चार ओळींची पुरवणी स्वतः लिहायची, असे शहापूरच्या मुलीने ठरवले आहे. तपासणीसाठी दोन्ही लिप्यांतील जोडाक्षरांची नावे लागतील. सभासदांची खरी यादी कोणी पेनड्राइव्हवर उचलून आणायची नाही, हे मी तिला दोनदा सांगितले. नावे आपणच बनवायची. ज्ञानेश्वर, कृष्णाजी, मल्लिकार्जुन, सिद्धेश्वर, चन्नम्मा अशी सुरुवात झाली आहे. दिवाळीत किल्ले बांधून झाल्यावर प्रत्येकाने पंचवीस नावे पाठवायची आहेत, आणि निपाणीकरांनी ऱ्या असलेली नावेही घालावीत.