मिनिकॉय दिसलं, पण डेकवरूनच

लक्षद्वीपला जायला परवाना लागतो. मुलांच्या परीक्षा संपायच्या आधीच आम्ही ती कागदपत्रं उरकली आणि मेच्या सुरुवातीला मिरजेहून पूर्णा एक्सप्रेसनं कोची गाठलं. वाटेत सांगण्यासारखं काही नाही. भडंग मडगावच्या आतच संपलं एवढंच.

कोचीहून जहाज सुटलं. रात्री प्रवास, दिवसा एकेका बेटावर उतरायचं, संध्याकाळी परत केबिनमध्ये, असा कार्यक्रम होता. मोठं जहाज मात्र बेटाला लागत नाही. बेटाच्या कडेनं प्रवाळाचा कठडा असतो, आतलं पाणी उथळ. त्यामुळे जहाज बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि त्याच्या कुशीतल्या दारातून छोट्या बोटीत उतरावं लागतं. बोट लाटेवर वर आली की खलाशी दंड धरून ओढतो. सगळी सहल त्या एका पावलावर अवलंबून!

पहिलं बेट मिनिकॉय. पहाटे डेकवर आलो तर १८८५ सालचं पांढरं दीपगृह समोर, खाली माडांची रेघ आणि मध्ये खवळलेलं पाणी. बोट आली, जहाजाला टेकली आणि माणूसभर खाली गेली. पुन्हा वर, पुन्हा खाली. बराच वेळ खटपट झाल्यावर ध्वनिक्षेपकावर सूचना आली की आज कुणालाच उतरवणार नाहीत.

दाजींनी खलाशाला गाठलं. "कितना फूट है?" कोल्हापूरचा माणूस पाणी फुटांतच मोजणार. पुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे आमच्याकडं पोरांनाही पाठ असतं. खलाशी हसला. "फूट से क्या होता है साहब, टाइमिंग देखो." लाट किती उंच यापेक्षा दोन लाटांत किती वेळ सापडतो, यावर माणूस उतरवायचा की नाही ते ठरतं. दाजी गप्प. हे फार क्वचित घडतं.

मिनिकॉय हुकल्याची हळहळ आजही आहे. बाकीच्या बेटांवर मल्याळमची बोली, इथं मात्र महल भाषा, मालदीवच्या धिवेहीला जवळची. नाइन डिग्री चॅनल या समुद्राच्या पट्ट्यानं हे बेट इतरांपासून तोडलंय. शर्यतीच्या लांबलचक होड्या बघायच्या होत्या, त्या राहिल्या. "जे होतं ते चांगल्यासाठी" म्हणणारे डेकवर पुष्कळ भेटले. मला नाही पटत.

तो दिवस जहाजावरच गेला, अर्धी मंडळी आडवी होऊन. उलटीची गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते, नंतर घेऊन फार उपयोग नाही. घरून आणलेला खर्डा कुणी उघडलासुद्धा नाही.

बदललेल्या बेतात कल्पेनीला जादा वेळ मिळाला. कठड्याच्या आत पाणी शांत, मुलं तासन्‌तास डुंबली. मला जास्त आवडला तो पूर्वेचा किनारा. तिथं प्रवाळाच्या दगडांचा लांबच लांब बांध आहे, १८४७ च्या वादळात समुद्रानं बाहेर फेकलेला. त्यावरून चालताना दगड पायाखाली खणखणतात. मिनिकॉयच्या लाटा बघून आलेल्या आम्हाला ते वादळ समजावून सांगायची गरज नव्हती. दुपारी ट्यूनाचं खोबऱ्यातलं कालवण मिळालं आणि खर्ड्याची बरणी शेवटी उघडली. वाढणाऱ्या आचाऱ्यानं बोटभर चाखला, डोळे पुसले आणि अजून मागितला.

कवरत्तीला उज्रा मशिदीचं कोरीव लाकडी छत पाहिलं. पण माझ्या डोक्यात राहिला तो पाण्याचा प्रकल्प. बेटावर नदी नाही. २००५ पासून इथं समुद्राचं पाणी गोडं करतात: वरच्या कोमट पाण्याची कमी दाबाखाली वाफ करायची आणि खोलातून ओढलेल्या गार पाण्यानं ती थंड करायची. क्षमता रोज लाखभर लिटरची. पंचगंगेकाठी वाढलेल्या माणसाला हे हिशेबच नवे.

जायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारीत जा, समुद्र निवळलेला असतो. आमचंही मिनिकॉयसाठी जानेवारीत परत जायचं चाललंय. मुलांच्या शाळेचं काय, यावर घरात अजून एकमत नाही.