चौकोनी भोकाची हौस

गोल भोक पाडणं हे सुतारकामातलं सोप्यात सोपं काम. बिट फिरतं, भुसा बाहेर पडतो, भोक तयार. घोडं अडतं ते खुर्चीच्या पायाशी. तिथे बसणारं कुसू, म्हणजे आडव्या पट्टीचं खाचेत शिरणारं टोक, गोल नसतं. त्याला सरळ भिंतींची, काटकोनी कोपऱ्यांची खाच लागते आणि फिरणाऱ्या हत्याराला कोपरा कापता येत नाही. मॉर्टायझिंग मशीनने, म्हणजे अशा खाचा पाडणाऱ्या यंत्राने, यावर काढलेला तोडगा मोठा गमतीचा आहे. फिरणारं बिट सरळ एका चौकोनी पोकळ पटाशीच्या पोटात घालून दिलंय! मधलं लाकूड बिट काढतं आणि पटाशीच्या चार धारा उरलेले कोपरे तासतात. चौकोन आणि त्यात बसणारं वर्तुळ यांचा हिशेब मांडला तर साधारण ७८.५ टक्के लाकूड बिटाच्या वाट्याला जातं आणि २१.५ टक्के पटाशीच्या.

यंत्राचा खरा कस लागतो तो या साडेएकवीस टक्क्यांत. पटाशी फिरत नाही, त्यामुळे मोटरची ताकद तिच्यापर्यंत पोचतच नाही. ती लाकडात घुसते ती दांडा ओढणाऱ्या हाताच्या जोरावर. तरी खोक्यावर ‘हेवी ड्यूटी’ वाचलं की पहिला प्रश्न येतो, मोटर किती एचपीची? अर्ध्या एचपीची मोटरही १२ मि.मी.चं बिट कुरकुर न करता फिरवते. विचारायचं ते वेगळंच. दांडा किती लांब आहे? दांडा ओढल्यावर पटाशी खाली आणणाऱ्या दातेरी पट्टी-चक्राचे (रॅक-पिनियनचे) दात किती जाड आहेत? जोर दिल्यावर खांब मागे झुकतो का? ६ मि.मी.ची पटाशी कुठल्याही यंत्रावर चालते. १२ची लावली की बाजू दुप्पट होते, पण कोपऱ्यांतलं लाकूड चौपट. हलकं यंत्र इथे उघडं पडतं.

दुकानात याची परीक्षा वीज न लावताही होते. टेबलावर सागवानासारख्या टणक लाकडाचा ठोकळा ठेवायचा, पटाशी त्यावर टेकवायची आणि टेबल व पटाशी यांच्या कोनात गुण्या (काटकोन तपासायचं साधन) धरायचा. मग दुसऱ्या कुणाला तरी दांड्यावर भार द्यायला सांगायचं. गुण्या आणि पटाशी यांच्यात उजेडाची फट दिसली, तर खाचही तेवढीच तिरकी होणार. विक्रेत्याला हा प्रयोग फारसा आवडत नाही.

१८०० नंतरच्या पहिल्या दशकात अभियंता मार्क ब्रुनेल आणि यंत्रं घडवणारा हेन्री मॉडस्ली यांनी इंग्लंडमधल्या पोर्ट्समथच्या गोदीत जहाजाच्या कप्प्यांसाठी खाचा पाडणारी यंत्रं उभी केली. तिथे पटाशीला वर-खाली करणारा जोर वाफेचा होता, म्हणूनच १८०८ साली कारखान्यातून १,३०,००० कप्प्या बाहेर पडू शकल्या. घरच्या यंत्रात वाफेच्या जागी आपला खांदा आहे, हे विकत घेताना लक्षात असलेलं बरं.

पटाशी खाली जाताना सगळ्यांचं लक्ष असतं. वर येताना ती चारही भिंतींत घट्ट धरलेली असते आणि लाकडाला सोबत उचलू पाहते. ते खाली दाबून ठेवायला दाबपट्टी असते. स्वस्त यंत्रात ती एका स्क्रूवर लटकलेली पातळ काट्यासारखी पट्टी असते. टणक लाकडात ती वाकते, लाकूड तिरकं उचललं जातं आणि बिटाला हिसका बसतो. दोन्ही बाजूंनी दाबणारी दाबपट्टी हवी. त्याहून उत्तम म्हणजे लाकूड शिकंज्यात आवळून हातचाकाने पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकवता येईल असं टेबल. हेवी ड्यूटी म्हणून जास्तीचे पैसे मोजायचे तर या टेबलासाठी मोजावेत.

आता, मुळात यंत्र हवं का? चार पट्ट्यांच्या साध्या टेबलाला ८ खाचा लागतात. त्या पटाशी-मोगरीने होतात आणि हातही साफ होतो. खुर्चीला वरच्या चार पट्ट्यांच्या ८ आणि खालच्या तीन आडव्यांच्या ६, म्हणजे १४. सहा खुर्च्या म्हटल्या की ८४. इथे यंत्राचा विचार रास्त ठरतो. ड्रिल प्रेसला लावायचा जोड स्वस्तात मिळतो, पण ड्रिल प्रेसचा दांडा एवढ्या जोरासाठी बनवलेला नसतो, आणि जोड काढ-घाल करण्यातच माणूस कंटाळतो. पटाशीखाली मोकळी जागा किती, हे मात्र आधी मोजा. टेबलावर ठेवायच्या छोट्या यंत्रात १०० मि.मी. जाडीचा पाय बऱ्याचदा शिरतच नाही.

जुनं कारखान्यातलं यंत्र मिळालं तर त्यासारखं दुसरं नाही. वजन शंभर किलोच्या पुढे, ओतीव लोखंड, हलायचं नाव नाही. फक्त मोटरची पाटी वाचा. त्यावर २३०/४०० व्होल्ट असेल तर मोटर डेल्टात (गुंडाळ्या त्रिकोणात) जोडून घरच्या सिंगल फेजवर व्हीएफडी (सिंगल फेजमधून थ्री-फेज मोटर चालवणारं उपकरण) लावून चालवता येते. ४००/६९० असेल तर नेहमीचा व्हीएफडी उपयोगाचा नाही. पटाशीची दांडी १६ मि.मी.ची बसते की १९ची, तेही बघा, नाहीतर बुश (मधली फट भरणाऱ्या कड्या) करून घ्यावे लागतात.

यंत्र आलं की बहुतेकांचं पहिलं बिट जळतं. कारण एकच, बिट आणि पटाशी यांच्यात फट ठेवलेली नसते. बिटाचं टोक पसरट असतं. ते पटाशीच्या तोंडाला घासलं की किंचाळल्यासारखा आवाज येतो, धूर निघतो आणि पोलाद निळं पडतं. निळं पडलं म्हणजे पाणी उतरलं, कणखरपणा गेला. उपाय एका नाण्याचा. पटाशीचा खांदा (दांडीला लागूनची रुंद कड) आणि यंत्राचं डोकं यांच्यामध्ये दीडेक मि.मी. जाडीचं नाणं धरून पटाशी हलकी आवळायची. बिट वर सरकवून तिच्या तोंडाला टेकवायचं आणि चकमध्ये (बिट धरणाऱ्या पकडीत) पक्कं करायचं. मग पटाशी सैल करून नाणं काढायचं, ती वर खांद्यापर्यंत दाबून आवळायची. नाण्याच्या जाडीएवढी फट आपोआप मिळते. ६ मि.मी.च्या पटाशीला एक मि.मी. पुरते. फट फार ठेवली तर जाड छिलके निघतात आणि आत अडकून बसतात. मोटर चालू करण्याआधी चक हाताने एकदा फिरवून बघावा.

पटाशीची मागची बाजू फेन्सला (लाकूड टेकवायच्या मागच्या आडव्या पट्टीला) समांतर नसेल तर खाचेची भिंत करवतीच्या दातांसारखी निघते. छिलके बाहेर टाकणारी खिडकी खाचेच्या लांबीच्या दिशेने, आधी कापलेल्या मोकळ्या बाजूला ठेवायची. कापताना दोन्ही टोकं आधी घ्यायची. मग मधे पटाशीच्या रुंदीपेक्षा थोडी कमी जागा सोडत भोकं पाडायची आणि शेवटी उरलेल्या भिंती काढायच्या. भोकाला भोक लावत गेलं की पटाशीला एका बाजूला लाकूड आणि दुसऱ्या बाजूला पोकळी मिळते. ती पोकळीकडे वाकते. बारीक पटाशी मोडते ती अशीच. खोल खाचेत दर १२-१५ मि.मी.ला वर उचलून छिलके झटकायचे, पण आत थांबून राहायचं नाही.

नवी पटाशी धारदार असते, हा एक गोड गैरसमज आहे. तिच्या आत यंत्राचे ओरखडे असतात. ते शंकूच्या आकाराच्या हत्याराने आतून घासून काढायचे. बाहेरच्या बाजू दगडावर फक्त बारीक कोर उतरवण्यापुरत्या फिरवायच्या. बाहेरून जास्त घासलं तर तोंड अंगापेक्षा लहान होतं आणि पटाशी स्वतःच पाडलेल्या खाचेत रुतते.

खोली कुसवापेक्षा २-३ मि.मी. जास्त ठेवा, जादा गोंदाला जायला जागा लागते. बिटाच्या टोकामुळे तळ खडबडीतच राहतो. तो सपाट करायला पटाशी घेऊन बसू नका, कुसू तिथपर्यंत पोचतच नाही.