जुना बर्मी पानाचा डबा पुण्याच्या हवेत

आशियातल्या जुन्या लाखकामाच्या वस्तू जमवायच्या म्हटलं की जपानी सोनेरी पेट्याच आठवतात. आपल्या बाजूला हाताला लागण्याची जास्त शक्यता असते ती बर्मी पानाच्या डब्याची. ब्रह्मदेश १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानात होता. नोकरी-व्यापारासाठी रंगूनला गेलेली माणसं परतताना तिथल्या वस्तू घेऊन आली. त्यामुळे मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात पितळेच्या ढिगाऱ्यात एखादा तांबडा-काळा गोल डबा दिसला, तर उचलून बघाच.

वयाचं नंतर बघू, आधी द्रव्य ओळखा. सावंतवाडीच्या गंजिफांवर किंवा चन्नपट्टणच्या खेळण्यांवर असते ती लाख, किड्याने तयार केलेली. ती उष्णतेने मऊ पडते आणि स्पिरिटमध्ये विरघळते. बर्मी, चिनी, जपानी कामात झाडाचा चीक असतो. ब्रह्मदेशातल्या चिकाला थित्सी म्हणतात. ही झाडं आंबा, काजू आणि बिब्याच्या कुळातली. ज्यांना बिबा उततो त्यांना हा ओला चीकही बाधू शकतो. पुरता पक्का झालेला जुना डबा हाताळायला सहसा हरकत नसते. चीक उन्हात वाळवून पक्का होत नाही, त्याला दमट हवा लागते. जपानी चिकाला, म्हणजे उरुशीला, साधारण ७० ते ८५ टक्के आर्द्रता देतात, आणि ब्रह्मदेशातल्या बागानचे कारागीर प्रत्येक हातानंतर डबा तळघरात कित्येक दिवस ठेवतात. एक चांगला डबा पुरा व्हायला काही महिने जातात.

ओळखायला सर्वांत निरुपद्रवी साधन म्हणजे ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च. अंधाऱ्या खोलीत लाख नारिंगी चमकते, चीक मंदच राहतो. बर्मी डब्यावर मधूनच नारिंगी डाग उजळले, तर तिथे नंतर कुणीतरी चपड्याचं, म्हणजे किड्याच्या लाखेचंच, पॉलिश मारलंय असं समजा. स्पिरिटचा बोळा लावून बघू नका. वर्षानुवर्षं उजेड खाल्लेला चीक स्पिरिटनेच काय, साध्या पाण्यानेही पांढुरका पडतो.

आता डबा हातात घ्या. आत बांबूच्या बारीक पट्ट्यांचा सांगाडा असतो, उंची कामात घोड्याचे केस विणलेले असतात. त्यामुळे आकाराच्या मानाने तो हलका लागतो. दिवा आडवा धरून बाजूने बघितलं तर पट्ट्यांच्या पुसट गोल रेघा वर उमटलेल्या दिसतात. प्लास्टिकच्या नकलेत त्या नसतात, उलट साच्याची शिवण बुडाशी सापडते. मग १० पटीचं भिंग लावून नक्षी बघा. बागानच्या कामात रेघ सुईसारख्या टोकाने कोरतात, तिच्यात रंग घासून भरतात, उरलेला पुसून काढतात, डिंकाने बंद करतात आणि मग पुढच्या रंगासाठी पुन्हा कोरायला घेतात. म्हणून रेघेच्या कडा किंचित खरबरीत दिसतात आणि वळणावर कारागिराचा हात थांबलेला कळतो. ब्रशने काढलेला रंग पृष्ठभागाच्या वर बसतो, छापलेल्या रंगात ठिपके दिसतात.

हे रंगही जपण्यासारखे. तांबडा हिंगुळाचा, पिवळा हरताळाचा, हिरवा हरताळ आणि नीळ एकत्र करून. हिंगुळात पारा आणि हरताळात आर्सेनिक असतं. तेव्हा जुना डबा कधीही पॉलिशपेपरने घासायचा नाही, आणि त्यात पान-सुपारी तर मुळीच ठेवायची नाही. हरताळ आणि नीळ दोन्ही उजेडाने उडतात. झाकणाच्या आत, डब्यातल्या तबकाखाली हिरवा-पिवळा टवटवीत आणि बाहेर मलूल असेल तर डबा उजेडात राहिलाय एवढं नक्की, पण तेवढ्यावरून वय ठरवू नका. झीज बघणं त्याहून भरवशाचं. ती हात लागतो तिथे हवी: झाकणाची कड, बुडाचं कडं, तबकाची किनार. सगळीकडे सारखीच झीज असेल तर ती कुणीतरी कापडाने घासून आणलेली आहे.

डब्यात दोन उथळ तबकं असतात. वर सुपारी, चुना, कात; तळाला पानं. तबक हरवलेलं असणं फार सर्रास, आणि दुसऱ्याच डब्याचं बसवून दिलेलं असणंही. आतला तांबडा रंग आणि बांबूचा पोत तिन्ही ठिकाणी जुळतो का बघा. चुन्याची पांढरी खपली नखाने काढू नका. तिचा आता दगड झालेला असतो, काढताना खालचा चीकच ओरखडतो. शिवाय डबा खरोखर वापरला गेल्याची ती खूण आहे, राहू द्या.

क्वचित बर्मी अक्षरांत कारागिराचं नाव आणि सालही सापडतं. बर्मी सालात ६३८ मिळवले की इसवी सन येतो, १२७० म्हणजे १९०८. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १९१६ पर्यंत रत्नागिरीत होता हे खरं, पण डबा त्याचाच म्हणून कुणी भाव वाढवला तर कागद मागा. कागद नसेल तर साध्या डब्याचाच भाव द्या.

पुण्यात खरी कसोटी पुढे लागते. जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर आणि एप्रिलच्या दुपारी अनेकदा २०-२५. बांबू फुगतो-आकसतो, वरचा थर तितका हलत नाही, आणि काठाशी पापुद्रा सुटतो. साधारण ५० ते ६० टक्के राखा आणि बदल सावकाश होऊ द्या. डबा सुती पिशवीत घालून घट्ट झाकणाच्या पेटीत ठेवा, आत आर्द्रता मोजणारा छोटा हायग्रोमीटर. ओल शोषणारं सिलिका जेल पांढरं घ्या, पण कोरडं तसंच टाकू नका. ते पेटीतली हवा नको तितकी सुकवतं. पावसाळा सरल्यावर खोलीत ५५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असेल तेव्हा ते परातीत पसरा, रोज वजन करा आणि वजन स्थिरावलं की पेटीत घाला. दर लिटरला २० ग्रॅम हे प्रमाण, म्हणजे २५ लिटरच्या पेटीला अर्धा किलो. एसीच्या झोतासमोरचं कपाट आणि पश्चिमेची खिडकी टाळा. मांडूनच ठेवायचा असेल तर उजेड ५० लक्सच्या आत हवा.

बुरशी आलीच तर मास्क लावून, गच्चीवर सावलीत, बकरीच्या केसांच्या मऊ ब्रशने झटका. खोबरेल तेलाचा हात फिरवायचा मोह आपल्याकडे फार. तेल भेगांत शिरतं, धूळ धरतं, आणि पुढे दुरुस्ती करणाऱ्याचा गोंद तिथे बसत नाही. डांबरगोळ्याही नकोत, त्यांच्या वाफेचे कण पृष्ठभागावर बसतात. बुडाखाली ताजी पिवळसर पूड पडत असेल तर बांबूत कीड आहे. तिला मारायला डबा फ्रीजरमध्ये घालू नका, थंडीत थर आणि बांबू वेगवेगळे आकसतात. हवा न झिरपणाऱ्या जाड पिशवीत ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या घालून, त्या डब्याला चिकटू न देता, किमान तीन आठवडे बंद ठेवा.

सुटलेला पापुद्रा फेव्हिकॉलने किंवा झटपट गोंदाने चिकटवणं हा सर्वांत महाग पडणारा उद्योग. फेव्हिकॉलमधल्या पाण्याने सांगाडा फुगतो, झटपट गोंद नंतर निघत नाही. तुकडे बटरपेपरमध्ये गुंडाळा, कुठून सुटले ते लिहा, मोबाइलवर फोटो काढा आणि संग्रहालयाच्या वस्तू हाताळणाऱ्या संवर्धकाकडे द्या.

आणि परदेशातल्या मुलाबाळांकडे डबा पाठवायचा बेत असेल तर आधी वय बघा. पुरावस्तूंसंबंधीच्या १९७२ च्या कायद्यानुसार १०० वर्षं किंवा त्याहून जुनी कलावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. वयाबद्दल शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या, मगच पार्सल बांधा.