टाकी तयार, पण नायट्राइट उतरेना: माझा अनुभव

टेस्ट किटच्या नळीत माशांच्या टाकीतलं पाणी घ्यायचं, पाच थेंब टाकायचे, हलवून पाच मिनिटं थांबायचं. पाणी आकाशी राहिलं तर नायट्राइट, म्हणजे माशांना मारणारं विष, त्यात नाही, मासे आणायला हरकत नाही. माझं पाणी जवळजवळ महिनाभर रोज जांभळं होत होतं. झाडं लावलेली, दिवा लागलेला, फिल्टर चालू, आणि आत एकही मासा नाही. लेक शाळेतून आली की आधी नळीकडे बघायची आणि न बोलता दप्तर ठेवायला आत जायची.

एवढं थांबायचं कारण गेल्या वर्षीचे सहा निऑन टेट्रा. तेव्हा आमच्या स्टेशनजवळच्या दुकानातून टाकी, खडी, फिल्टर सगळं एकाच दिवशी आणलं. "ताई, आज पाणी भरा, उद्या मासे सोडा," असं दुकानदार म्हणाले, म्हणून सोडले. दहाव्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. पुन्हा दुकानात गेले तर "हवा कमी पडतेय" म्हणून दुसरा पंप दिला. चार दिवसांत सहाही गेले. नंतर वाचलं तेव्हा कळलं की नायट्राइटमुळे माशाचं रक्त प्राणवायू वाहूच शकत नाही, बाहेरून कितीही बुडबुडे सोडा. त्या पंपाचा राग अजून गेलेला नाही. एक वाक्य सांगितलं असतं तर ते मासे जगले असते.

ते वाक्य असं: माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो, एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि हे दोन्ही जिवाणू नव्या टाकीत नसतात. ते वाढायला आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी. नायट्रेट थोडं असलं तर चालतं, झाडंही ते खातात.

या वेळी टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच घेतली. टाकीखाली थर्माकोल, टाकीत तळाला बागेतली चाळलेली माती इंचभर, त्यावर दीड इंच जाड वाळू. त्यात साधारण ४८ लिटर पाणी मावलं. झाडं क्रॉफर्ड मार्केटमधून आणली: अनुबियास, जावा फर्न, व्हॅलिसनेरिया, क्रिप्टोकोरिन. अनुबियास आणि जावा फर्नचा आडवा कंद वाळूत पुरू नका, कुजतो. लाकडाला दोऱ्याने बांधा. क्रिप्टोकोरिनची पानं पहिल्या पंधरवड्यात विरघळल्यासारखी होतात. घाबरून उपटू नका, मुळं जिवंत असतात. (याच्या काही जाती आपल्या कोकणातल्या ओढ्यांत उगवतात, हे कळल्यावर मला त्याचं जास्तच कौतुक वाटायला लागलं.) दिवा सहा तास, टायमरवर. यात काहीच अडलं नाही.

जिवाणूंना वाढायला खाणं हवं. मासे नसताना अमोनिया कुठून आणायचा? नवसागर! आजी कल्हईवाल्याकडे भांडी द्यायची तेव्हा धुराबरोबर नाकात जायचा तोच. कल्हईचा मात्र वापरू नका, त्यात काय काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही. केमिकलच्या दुकानात शुद्ध अमोनियम क्लोराइड, म्हणजे नवसागरच, मिळतं. १० ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवलं आणि त्यातलं ३० मिली टाकीत घातलं, की माझ्या टाकीत अमोनिया सुमारे २ पीपीएम (लिटरमागे २ मिलिग्रॅम) व्हायचा. तो शून्यावर आला की पुन्हा ३० मिली.

अकराव्या दिवशी नळी पहिल्यांदा जांभळी झाली. मला आनंद झाला, म्हणजे पहिले जिवाणू आले. विसाव्या दिवशी जांभळी, पंचविसाव्यालाही जांभळी. किटचा तक्ता ५ पीपीएमला संपतो, त्यापुढे सगळं एकसारखंच दिसतं, त्यामुळे नायट्राइट वाढतंय की उतरतंय हेच कळेना. मग एक भाग टाकीचं आणि नऊ भाग डिस्टिल्ड वॉटर मिसळून मोजलं, उत्तराला दहाने गुणलं. २० पीपीएम. तीन दिवसांनी पुन्हा २०. दुकानात विचारलं तर जिवाणूंची बाटली दिली. ती घालूनही २०. तिसाव्या दिवसानंतर तर अमोनियाही उतरायचा थांबला. आधी चोवीस तासांत संपायचा, आता तिसऱ्या दिवशीही तसाच. त्या रात्री मी टाकी रिकामी करून विकायचं ठरवलं होतं.

माझे दीर सांडपाणी प्रक्रिया केंद्रात काम करतात. रविवारी जेवायला आले होते. मी वैतागून सगळं सांगितलं. ते हात धुता धुता म्हणाले, "वहिनी, अल्कलिनिटी किती आहे? आमच्याकडे ती संपली की हेच होतं. अमोनियाचं नायट्राइट होताना आम्ल तयार होतं. ते झेलायला पाण्यात क्षार नसले की पीएच पडतो आणि जिवाणू काम सोडतात."

पीएच मी पहिल्या दिवशी मोजला होता, ७.४. नंतर एकदाही नाही. मोजला तर पिवळाधमक, म्हणजे ६ किंवा त्याहूनही कमी. मुंबईचं तलावांचं पाणी मुळात मऊ, क्षार कमी. त्यात मी एवढे दिवस नवसागर ओतत होते.

निम्मं पाणी बदललं. नळाचं पाणी क्लोरीन घालवायचे थेंब टाकूनच वापरायचं, नाहीतर जिवाणूच मरतात. याच कारणाने फिल्टरचा स्पंज कधीही नळाखाली धुवू नका, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळा. मग अर्धा चमचा खायचा सोडा विरघळवून घातला आणि उकळलेल्या शिंपल्यांचा चुरा कापडी पुरचुंडीत बांधून फिल्टरमध्ये ठेवला. एक इशारा: टाकीत मासे असतील तर सोडा असा एकदम घालू नका. पीएच चढला की पाण्यातला अमोनिया जास्त विषारी होतो. माझ्या टाकीत मासे नव्हते म्हणून हे करता आलं.

दोन दिवसांत अमोनिया शून्य. बेचाळिसाव्या दिवशी नळीतलं पाणी आकाशी. मी लेकीला शाळेत जायच्या आधी उठवून दाखवलं.

आणखी आठवडाभर रोज मोजत राहिले. मग साठलेलं नायट्रेट घालवायला जवळजवळ सगळं पाणी बदललं आणि सहा झेब्रा डॅनिओ आणले. आपल्याच उत्तरेकडच्या ओढ्यानाल्यांतला काटक मासा. निऑन आणखी काही महिन्यांनी, टाकी मुरल्यावर. शिंपल्यांची पुरचुंडी अजून आत आहे, आणि पीएच दर रविवारी मोजते.

सगळ्यात आधी सांगायला हवं होतं ते आत्ता आठवलं. ओळखीत कोणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर पहिल्याच दिवशी तिच्या फिल्टरमधला वापरलेला स्पंज मागून घ्या, जिवाणू आयते मिळतात. चौथ्या मजल्यावरच्या ताईंनी परवा टाकी घेतली. मी माझ्या स्पंजचा अर्धा भाग कापून, टाकीतल्याच पाण्यात बुडवून, स्टीलच्या डब्यातून लगेच वर नेऊन दिला. नवसागराची बाटलीही दिली, आणि पीएचचं किट.